दहा लाख चिप्स फुकट, तरी नको

एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला सांगितलं, आमचे दहा लाख प्रोसेसर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिप्स, घ्या, पैसे नकोत. समोरच्या कंपनीने हिशेब मांडला आणि त्यातले फक्त 1 लाख 60 हजार घेतले. बाकीचे फुकट मिळत असूनही तिला परवडत नव्हते.

ही गोष्ट युरोपीय आयोगाच्या 2009 च्या निकालात नोंदवलेली आहे. फुकट देणारी होती एएमडी, चिप बनवणारी छोटी कंपनी. नको म्हणणारी होती एक मोठी संगणक उत्पादक कंपनी. आणि या दोघींच्या व्यवहारात कुठेही न दिसता सगळं ठरवत होती चिपच्या धंद्यातली मोठी कंपनी, इंटेल.

फुकटची वस्तू परवडत नाही म्हणजे काय, हे एकदा आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, तुम्ही वर्षाला शंभर संगणक बनवता. मोठा चिपवाला म्हणतो, माझी चिप दहा हजारांची. पण शंभरातल्या निदान पंचाण्णव माझ्याकडून घेतल्यात, तर प्रत्येक चिपवर हजार रुपये परत देईन. सगळ्या शंभर त्याच्याकडून घेतल्या तर तुमचे नऊ लाख लागतात. आता छोटा चिपवाला येतो आणि म्हणतो, निदान दहा तरी माझ्या घ्या. त्या दहा घेतल्या की मोठ्याकडून घ्यायच्या उरल्या नव्वद. पंचाण्णवची अट मोडली, सूट गेली. नव्वद चिप्स दहा हजारांनी, म्हणजे पुन्हा नऊ लाखच. छोट्याने आपल्या दहा चिप्स फुकट दिल्या तरी तुमचा एक रुपयासुद्धा वाचत नाही. उलट मोठा रुसेल ही धास्ती वेगळीच.

छोट्याने वीस विकायच्या म्हटलं, तर त्याला पाच हजार भाव लावावा लागतो. तिकडे मोठ्याला प्रत्येक चिपचे नऊ हजार मिळत असतात. चिप तितकीच चांगली असो किंवा सरस असो, या गणितात तिच्या गुणाला जागाच नाही. संगणक बनवणाऱ्याला बहुतेक चिप्स मोठ्याकडूनच घ्याव्या लागणार असतात, कारण छोट्याकडे तेवढा माल नसतो. मोठ्याची ताकद नेमकी या न टळणाऱ्या हिश्श्यात असते.

अशाच अटींच्या सवलतींसाठी आयोगाने इंटेलला 1.06 अब्ज युरोंचा दंड ठोकला. पुढे 2022 मध्ये युरोपच्याच न्यायालयाने आयोगाचं आर्थिक विश्लेषण अपुरं ठरवून तो रद्द केला, आणि 2023 मध्ये आयोगाने उरलेल्या काही मुद्द्यांवर नव्याने 37.6 कोटी युरोंचा दंड लावला. एएमडीशी इंटेलने 2009 मध्येच तडजोड केली होती, 1.25 अब्ज डॉलर देऊन. कायद्याने काय ठरवलं ते ठरवलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या वर्षांत एएमडीची चिप खरोखर सरस होती, त्याच वर्षांत तिला हवी तेवढी विक्री करता आली नाही. त्या वर्षांत न आलेला पैसा पुढच्या चिपच्या संशोधनात जायचा होता. या धंद्यात आजची कमाई म्हणजे चार वर्षांनंतरची चिप असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी कधी संगणक जुळवून घेतला असेल, त्यांना ‘एएमडी गरम होतो, इंटेलच घ्या’ हा सल्ला आठवत असेल. काही वर्षांच्या काही चिप्सबद्दल तो खराही होता. पण असा लौकिक चिकटला की चिप बदलली तरी तो बदलत नाही, आणि छोट्या कंपनीला हेही ओझं वाहावं लागतं.

मुळात इंटेलच्या घरात एएमडी शिरली कशी? इंटेल 1968 ची, एएमडी 1969 ची. दोन्ही कंपन्यांचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर याच कंपनीतून बाहेर पडलेले. 1981 मध्ये आयबीएमने आपला पीसी काढला आणि त्यात इंटेलची 8088 चिप वापरली. आयबीएमचा आग्रह होता की एकाच पुरवठादारावर आपण अवलंबून राहणार नाही, तीच चिप बनवणारा दुसरा कुणीतरी हवा. म्हणून 1982 मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला. एएमडीचा पाय घरात ठेवला तो गिऱ्हाइकाच्या या सावधपणाने. 386 चिपच्या वेळी इंटेलने आराखडे द्यायला नकार दिला, वाद लवादात आणि कोर्टात वर्षानुवर्षं चालला, आणि एएमडीने 1991 मध्ये स्वतःची 386 बाजारात आणली. पुढच्या खटल्यांच्या तपशिलात इथे शिरत नाही. इतकंच लक्षात ठेवायचं की या चिप्सना ज्या भाषेत आज्ञा दिल्या जातात ती एक्स86 नावाची भाषा बोलण्याचा हक्क एएमडीने लढून टिकवला. आजही तो हक्क असलेल्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

ही भाषाच एकदा इंटेलला नडली. नव्वदच्या दशकात सगळ्यांना दिसत होतं की 32 बिटांची, म्हणजे एका वेळी 32 बिट माहिती हाताळणारी, चिप पुढे पुरणार नाही, 64 बिटांकडे जावं लागेल. इंटेलने एचपीसोबत इटानियम नावाची पूर्णपणे नवी चिप काढायचं ठरवलं. नवी आज्ञाभाषा, जुन्याशी संबंध नाही. जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत, पण रखडत.

मोडीचं उदाहरण घ्या. व्यवहारातली लिपी मोडीवरून देवनागरीवर आली आणि पेशवे दफ्तरातले लाखो कागद तिथल्या तिथे मुके झाले. आज ते वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. इटानियम जगाला अशीच लिपी बदलायला सांगत होती. एएमडी म्हणाली, लिपी तीच ठेवू, चार अक्षरं वाढवू. 2003 च्या एप्रिलमध्ये तिची ऑप्टेरॉन चिप आली. जुने 32 बिटी प्रोग्रॅम तिच्यावर पूर्ण वेगाने चालत, आणि ज्याला 64 बिटी हवं त्याला तेही मिळे.

इंटेलकडे हे करण्याइतके हुशार लोक नव्हते असं अजिबात नाही. पण इटानियमवर इतका पैसा आणि इतकी प्रतिष्ठा लागली होती की जुन्या भाषेला 64 बिटी करणं म्हणजे आपल्याच नव्या चिपचा गळा दाबणं. एएमडीला असा कुठला संसार सांभाळायचा नव्हता. शेवटी 2004 मध्ये इंटेलला एएमडीचीच विस्तारित भाषा स्वीकारावी लागली. आज तुमच्या संगणकात इंटेलची चिप असली, तरी लिनक्स या संगणकप्रणालीच्या अनेक फायलींच्या नावात एएमडी64 हेच लिहिलेलं असतं. छोट्याने केलेली व्याख्या मोठ्याच्या अंगावर कायमची गोंदली गेली.

यानंतर एएमडीचं घर बसलं, आणि त्याला इंटेल एकटी जबाबदार नव्हती. 2006 मध्ये तिने 5.4 अब्ज डॉलरला ग्राफिक्सवाली एटीआय कंपनी घेतली आणि कर्जात बुडाली. 2007 ची सर्व्हरची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांची, चिप दोष घेऊन आली. 2011 ची बुलडोझर रचना कागदावर आकर्षक होती, प्रत्यक्षात संथ आणि वीजखाऊ निघाली. ‘खऱ्या मर्दाकडे स्वतःचा फॅब असतो’ हे वाक्य एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स यांच्या नावावर सांगितलं जातं. फॅब म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना. 2009 मध्ये अबू धाबीच्या पैशाच्या मदतीने कंपनीला तेच कारखाने वेगळे काढून द्यावे लागले, त्यांची ग्लोबलफाउंड्रीज झाली. 2013 मध्ये ऑस्टिनमधली स्वतःची जागा विकून एएमडी तिथेच भाडेकरू म्हणून राहू लागली. 2015 मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली होता. त्या काळात घर चाललं ते मुख्यतः प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या दोन खेळयंत्रांतल्या चिप्सवर. मिळकत बेताची, पण दरमहा येणारी.

ऑक्टोबर 2014 मध्ये लिसा सू मुख्याधिकारी झाल्या. त्यांनी काय सुरू केलं याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यांनी काय बंद केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीनच वर्षांपूर्वी 33 कोटी डॉलरला घेतलेला छोट्या सर्व्हरचा धंदा 2015 मध्ये गुंडाळला. मोबाइलच्या मागे धावणं सोडलं. एआरएम या दुसऱ्या आज्ञाभाषेची स्वतःची चिप बाजूला ठेवली. होता नव्हता तेवढा पैसा आणि माणसं एका नव्या रचनेवर लावली. तिचं काम 2012 मध्ये चिपचे रचनाकार जिम केलर एएमडीत परत आले तेव्हाच सुरू झालं होतं. नाव होतं झेन.

आता या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

चिप बनते ती वेफरवर. वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल पातळ चकती, 300 मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर एकाच वेळी अनेक चिप्स छापल्या जातात आणि मग कापून वेगळ्या केल्या जातात. कितीही काळजी घेतली तरी वेफरवर कुठे कुठे सूक्ष्म दोष राहतात. नारळाच्या वड्या थापलेलं ताट डोळ्यांसमोर आणा. सारणात चुकून दहा बारीक खडे राहिलेत, कुठे ते ठाऊक नाही. ताटात वीस मोठ्या वड्या पाडल्या, तर वाईटात वाईट दहा वड्या टाकाव्या लागतील, म्हणजे अर्धं ताट गेलं. त्याच ताटात ऐंशी लहान वड्या पाडल्या तरी जाणार दहाच, सत्तर हातात राहतील. शिवाय ताट गोल, वडी चौकोनी; लहान वड्या पाडल्या तर कडेचं वायाही कमी जातं.

सर्व्हरची चिप म्हणजे मोठी वडी. जितके जास्त कोर, म्हणजे चिपमधले स्वतंत्र काम करणारे मेंदू, तितकी चिप मोठी, आणि तितकं तिचं नासणं महाग. इंटेलला ते परवडत होतं. तिचे कारखाने जगात सर्वोत्तम होते, आणि घरगुती, लॅपटॉप, सर्व्हर अशा प्रत्येक वर्गासाठी वेगळे आराखडे काढायला तिच्याकडे माणसं होती. एएमडीकडे एकच आराखडा काढण्यापुरता पैसा होता. मग तिने आठ कोरचा एकच तुकडा बनवला. एक तुकडा बसवला की घरचा रायझन, दोन बसवले की व्यावसायिकांचा थ्रेडरिपर, चार बसवले की 32 कोरचा सर्व्हर प्रोसेसर एपिक. एकाच कणकेची पोळी, पुरी आणि पराठा.

एएमडीच्या अभियंत्यांनी याचा हिशेब जाहीरपणे मांडला आहे. 32 कोरची एकसंध चिप केली असती तर ती साधारण 777 चौरस मिलिमीटरची झाली असती. चार तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ 852, म्हणजे सिलिकॉन जास्तच लागलं, कारण तुकड्यांना एकमेकांशी बोलायलाही जागा लागते. तरी खर्च एकसंध चिपच्या 59 टक्केच आला.

रायझन 2 मार्च 2017 ला बाजारात आला. आठ कोरचा सर्वांत वरचा रायझन 499 डॉलरला. इंटेलची आठ कोरची चिप तेव्हा हजार डॉलरच्या वर होती. त्याच उन्हाळ्यात एपिक आला. इंटेलच्या एका सादरीकरणात त्याचं वर्णन ‘डेस्कटॉपच्या चिप्स डिंकाने चिकटवलेल्या’ अशा अर्थाने केलं होतं. टीका सर्वस्वी खोटी नव्हती. एका तुकड्यातल्या कोरला दुसऱ्या तुकड्याच्या ताब्यातल्या मेमरीतलं काही हवं असेल तर वाट पाहावी लागे, आणि काही कामांत ते जाणवे.

2019 च्या दुसऱ्या पिढीत एएमडीने हीच उणीव पकडली. मध्यभागी एक मोठा तुकडा, त्याचं काम फक्त ये-जा सांभाळणं: मेमरी, बाहेरच्या जोडण्या, तुकड्यांमधली वाहतूक. त्याच्याभोवती आठ छोटे तुकडे, प्रत्येकी 74 चौरस मिलिमीटरच्या आसपास, ज्यांत फक्त कोर. एकूण 64 कोर. एसटीच्या मोठ्या स्थानकासारखं; कुठल्याही गावाहून कुठेही जायचं तर मध्यवर्ती स्थानकातून, म्हणून अंतर सगळ्यांना जवळपास सारखं.

खरं शहाणपण पुढे आहे. कोर जितके सूक्ष्म तंत्राने बनवावे तितके वेगवान आणि वीजबचतीचे होतात. बाहेरच्या जोडण्यांच्या सर्किटला मात्र लहान करून फारसा फायदा होत नाही. म्हणून आठ तुकडे तैवानच्या टीएसएमसीकडे महागड्या 7 नॅनोमीटर तंत्राने (आकडा जितका लहान तितकं तंत्र सूक्ष्म) बनवले, आणि मधला तुकडा ग्लोबलफाउंड्रीजकडे जुन्या 14 नॅनोमीटरने. ग्लोबलफाउंड्रीजकडून ठरलेला माल उचलण्याच्या कराराने एएमडी बांधलेली होती, तीही बाजू यात सांभाळली गेली. पायातल्या बेडीचाच पैंजण केला म्हणा.

64 कोरच्या एपिक 7742 ची यादीतली किंमत 6,950 डॉलर. इंटेलची तेव्हाची वरची 28 कोरची झिऑन 8280 होती 10 हजार डॉलरच्या घरात. हाच एपिक 7742 आपल्या पुण्यातही पोचला. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा परम सिद्धी एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए100 यंत्रांचा बनलेला आहे, आणि त्या प्रत्येक यंत्रात दोन एपिक 7742 बसवलेले असतात. महासंगणकांच्या नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत तो 63 व्या क्रमांकावर होता.

कारखान्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं, कारण त्याशिवाय झेन इतका पुढे गेला नसता. इंटेल दर दोन वर्षांनी नवं सूक्ष्म तंत्र आणायची. 14 नॅनोमीटर 2014 मध्ये आलं आणि 10 नॅनोमीटर अडकलं. मोठ्या प्रमाणावर यायला 2019 उजाडलं. इंटेलचा कारखाना इंटेलच्याच चिप्स बनवायचा, त्यामुळे कारखाना थांबला की आराखडेही थांबले. टीएसएमसी दुसऱ्यांच्या चिप्स बनवते. तिच्या तंत्राचा खर्च जगभरातल्या स्मार्टफोनच्या गिऱ्हाइकांनी उचलला होता, त्यात ॲपल सगळ्यात मोठी. एएमडी भाडं देऊन त्या रांगेत उभी राहिली. 2018 मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने 7 नॅनोमीटरचं काम सोडून दिलं, तेव्हा एएमडीचा उरलासुरला संकोचही संपला. ज्या कारखान्यांच्या जाण्याची लाज वाटत होती, ते नसल्यामुळेच ती मोकळी होती.

मग इंटेलने भाव पाडून एएमडीला का चिरडलं नाही? सुरुवातीचं गणित आता उलटं फिरवा. शंभरातल्या पंचाण्णव चिप्स मोठ्याच्या आहेत. छोट्याने खेचलेली पाच गिऱ्हाइकं परत आणायला त्याने भाव हजाराने उतरवला, तर तोटा त्या पाचांवर होत नाही, पंचाण्णवांवर होतो. छोट्याने हजार उतरवले तर त्याचा तोटा पाचांवरच. इंटेलचा ढोबळ नफा तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास असे. भाव पाडायचा म्हणजे दर तिमाहीला भागधारकांना ते कमी होताना दाखवायचं. ज्या आकारमानाने एएमडीच्या फुकट चिप्स परत पाठवल्या होत्या, त्याच आकारमानाने आता इंटेलचे हात बांधले.

तरी सर्व्हरची बाजारपेठ एका रात्रीत वळली नाही. 2017 मध्ये एएमडीचा तिथला वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. बँक किंवा क्लाउड कंपनी एका चांगल्या चिपवर विश्वास टाकत नाही. पुढची चिप सांगितलेल्या तारखेला येते का, तिच्या पुढची येते का, हे ती बघत बसते. बुलडोझरच्या काळात एएमडी सर्व्हरमधून जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आणि ते कुणी विसरलं नव्हतं. 2017, 2019, 2021, 2022 अशा चार पिढ्या सांगितल्याप्रमाणे आल्यावर मग ऑर्डरी मोठ्या होत गेल्या. आज तो वाटा चतुर्थांशाच्या पुढे आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये बाजारमूल्यात एएमडीने इंटेलला प्रथमच मागे टाकलं. आणि डिंकाची टीका करणारी इंटेलही 2023 पासून आपल्या मुख्य चिप्स तुकडे जोडून बनवू लागली.

आता एआयच्या चिप्सच्या बाजारात समोर एनव्हिडिया आहे आणि जुन्या युक्त्या तशाच्या तशा चालत नाहीत. इंटेलचा कारखाना अडकला होता. एनव्हिडियाचा अडकायचा प्रश्नच नाही, तीही टीएसएमसीकडेच चिप्स बनवते. एनव्हिडियाची खरी भिंत सॉफ्टवेअरची आहे. 2007 पासून संशोधक, विद्यार्थी, कंपन्या तिच्या कुडा या साधनसंचात प्रोग्रॅम लिहीत आले आहेत. म्हणजे या खेपेला लिपी बदलायची विनंती एएमडीला करावी लागते आहे, आणि ते किती अवघड असतं हे इटानियमच्या वेळी तिनेच जगाला दाखवलं होतं. तिचं उत्तर रॉकएम नावाचा खुला संच आहे. तो सुधारतो आहे, पण इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ लागणार.

चिपच्या बाजूने ती तुकड्यांची कला वापरते. डिसेंबर 2023 च्या एमआय300एक्समध्ये तिने 192 जीबी मेमरी दिली, एनव्हिडियाच्या तेव्हाच्या एच100 मध्ये 80 होती. मोठं एआय मॉडेल ज्याला आठ कार्डांऐवजी चार कार्डांत बसवता येतं, तो गिऱ्हाईक सॉफ्टवेअरची थोडी कटकट सोसायला तयार होतो.

आणि सवलतही तिला पुन्हा द्यावी लागलीच. ऑक्टोबर 2025 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एएमडीकडून 6 गिगावॉट वीज लागेल इतक्या क्षमतेच्या चिप्स घ्यायचं मान्य केलं. बदल्यात एएमडीने ओपनएआयला आपले 16 कोटींपर्यंत शेअर प्रत्येकी एका सेंटला घेण्याचा हक्क दिला, म्हणजे जवळपास दहा टक्के कंपनी. एकेकाळी दहा लाख चिप्स फुकट देऊ करणारी कंपनी आता स्वतःचाच दहावा हिस्सा देऊ करते आहे. फरक अटींत आहे. पहिला हप्ता पहिल्या गिगावॉटच्या चिप्स बसल्यावर मिळायचा, आणि शेवटचा एएमडीच्या शेअरचा भाव 600 डॉलरला पोचल्यावर.